सत्तावन्न नंबरचं फूल

आमच्या जुन्या शेअर बाजाराच्या हॉलमध्ये एकही खांब नव्हता. ऐंशी फूट लांब, साठ फूट रुंद जागा, आणि मधे पाठ टेकायला म्हणून काही नाही. पाहुणे यायचे, माना वर करून म्हणायचे, वा, काय कारागिरी! कारागिरी होतीच. पण मूळ कारण वेगळं होतं. दलालांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. इमारत व्हायच्या आधी ही मंडळी रस्त्याच्या कोपऱ्यावर एका पत्र्याच्या छपराखाली उभी राहून सौदे करायची. छपराला सहा खांब होते, आणि कोणत्या खांबाआड कोण कोणाच्या कानाला लागलंय यावरून रोज तू तू मैं मैं व्हायची. पुढे वर्गणी काढून पक्की इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांनी वास्तुविशारदाला एकच अट घातली. हॉलमध्ये प्रत्येकाला प्रत्येक जण दिसला पाहिजे.

त्या गृहस्थाने मग छपराचं सगळं वजन लोखंडी कैच्यांवर, म्हणजे छपराखालच्या त्रिकोणी सांगाड्यांवर, आणि जाडजूड भिंतींवर टाकलं. खिडक्या उंच ठेवल्या आणि सगळ्या उत्तरेला, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर ऊन आलं आणि म्हणून भाव चुकला, ही सबबही राहू नये. कैच्या उघड्या दिसू नयेत म्हणून त्यांच्याखाली प्लास्टरचं छत टांगलं. टांगलं म्हणजे खरोखरच तारांनी आणि पट्ट्यांनी टांगलं. शहाण्णव चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक मोठं फूल, आठ पाकळ्यांचं. खालून ते नाजूक दिसायचं, पण एका फुलाचं वजन दहा-बारा वर्षांच्या मुलाइतकं भरायचं. त्या फुलांखाली चार-पाचशे माणसं रोज घसा फोडून ओरडायची आणि एकालाही वर बघायला सवड नसायची.

वर बघायला एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे मिस्त्री.

मी इमारत विभागात होते. अजूनही आहे. जिन्याखालच्या खोलीत, दुरुस्तीच्या नोंदवहीशेजारी. माझा स्वभाव गोड असल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही, पण मिस्त्रींशी माझं जमायचं, कारण ते कामापुरतं बोलायचे आणि मी तेवढंही नाही. वयाच्या विसाव्या वर्षी ते इथे गवंडी म्हणून लागले आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाले. बाजार सुटल्याची घंटा झाली की ते माळ्यावर चढायचे, कैच्यांमधल्या फळ्यांवरून पोटावर सरपटत जायचे आणि एकेका फुलाच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे. पक्क्या फुलाचा आवाज कोरडा, खणखणीत. सुटत चाललेल्या फुलाचा आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा. रोज बारा फुलं, म्हणजे आठ दिवसांत छत पुरं, मग पुन्हा पहिल्यापासून. दलालांनी त्यांचं नाव टकटक मिस्त्री ठेवलं होतं.

एखादं फूल हलायला लागलं की ते त्याचा साचा काढायचे, नवं ओतायचे, तीन आठवडे वाळत ठेवायचे आणि मोठ्या सुट्टीत चढवायचे. मला येऊन सांगायचे, "बाई, चोवीस नंबर बदललं." मी लिहायचे. त्यांच्या सगळ्या नोकरीत अशी एकोणीस फुलं बदलली गेली, आणि खाली उभं राहून त्यांतलं एकही ओळखून दाखवेल असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पुढे सौदे कॉम्प्युटरवर गेले. दलाल घरी बसून, न ओरडता, तेच करू लागले. हॉल कितीतरी वर्षं बंद पडून होता. शेवटी शहराने इमारत घेतली, तिथे वाचनालय करायचं ठरवलं, आणि फर्निचरबरोबर मलाही ताब्यात घेतलं. हॉलच्या एका कोपऱ्यात इमारतीचा इतिहास मांडायचा होता. त्यात दलालांच्या आणि घंटेच्या तसबिरींबरोबर मिस्त्रींचाही फोटो लागणार होता, आणि खाली मोठ्या अक्षरांत मजकूर: 'टकटक मिस्त्री. चाळीस वर्षं या छताचा एक कपचाही पडू दिला नाही.'

मिस्त्री तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. ही बातमी मी त्यांना सांगितली तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी दाढी करून फोटो द्यायला हजर झाले. त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत शिक्षिका आहे. बापाच्या कौतुकात तिने काही बाकी ठेवलं नाही. वर्गातल्या मुलांना सांगितलं, नातेवाइकांना फोन केले, उद्घाटनाला कोण कुठे बसेल याची यादी केली. मला म्हणाली, "मावशी, बाबांना आयुष्यात कोणी शाबासकी दिली नाही हो. ते स्वतःहून कधी मागायचे नाहीत." तिचे डोळे भरून आले होते. मी तिला चहा दिला.

उद्घाटनाला तीन आठवडे उरले होते आणि एका गुरुवारी सकाळी सत्तावन्न नंबरचं फूल खाली आलं.

नशीब थोर, खाली कोणी नव्हतं. कपाटं बसवणारा सुतार पाचच मिनिटं आधी बाहेर गेला होता. त्याच्या हत्यारांच्या पेटीचा पार चेंदामेंदा झाला. हॉलभर पांढरी धूळ, आणि छतात एक काळं भोक. पडताना त्याने शेजारच्या छप्पन्न नंबरची एक पाकळीही तोडून आणली.

शहराचा इंजिनियर आला. पोरगा हुशार होता, नम्र होता, आणि कागदावर विश्वास ठेवणारा होता, म्हणजे मला त्याच्याविरुद्ध काही बोलायला जागा नव्हती. त्याने माझी नोंदवही मागितली. सत्तावन्नसमोर काहीच नोंद नव्हती. तो म्हणाला, "म्हणजे हे मूळ फूल. इमारत झाली तेव्हापासूनचं. ते आता आपणहून पडलं. बाकीची मूळ फुलंही त्याच वयाची, त्याच मालाची. खाली मुलं वाचत बसणार आहेत, बाई. मी जोखीम घेऊ शकत नाही. सगळं छत उतरवायचं आणि सपाट पत्रे लावायचे."

त्याचं काही चुकत नव्हतं. नोंदवही पाहून मीही तेच म्हटलं असतं. फक्त मला एक गोष्ट माहीत होती आणि ती नोंदवहीत नव्हती.

मिस्त्री दुपारी आले. हॉलमध्ये गेले, वरच्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिले, मग माझ्या खोलीत येऊन त्यांनी दार लावून घेतलं. पूर्वी ते कधीही दार लावत नसत.

"बाई," ते म्हणाले, "सत्तावन्न आठवतंय?"

"आठवतंय," मी म्हणाले.

एकतीस वर्षांपूर्वीचा शनिवार. मी तेव्हा नवीन होते. छपराचा एक पत्रा उचकटला, पाणी आत आलं आणि सत्तावन्न नंबर भिजून लोंबायला लागलं. मिस्त्रींनी ते संध्याकाळच्या आत खाली काढलं. पण भोक तर दिसणार. बाजाराच्या सेक्रेटरींनी बोलावून सांगितलं की सोमवारी सकाळी छत उघडं दिसलं तर हॉल बंद ठेवावा लागेल, आणि हा हॉल बांधल्यापासून सौद्याचा एकही दिवस बंद राहिलेला नाही. ते आणखीही काही म्हणाले, ते मिस्त्रींनी मला कधी सांगितलं नाही. सोमवारी मी कामावर आले तर वर फूल होतं. मिस्त्रींचे डोळे लाल झाले होते. मला म्हणाले, "सत्तावन्न बदललंय, पण लिहू नका. वहीत तारीख पडली की कळेल, वाळवलं नाही ते. सुट्टीत नीट करून देतो, मग लिहा." मी लिहिलं नाही. नोंदवही माझी होती आणि मी लिहिलं नाही, हे इथे सांगून टाकते.

सुट्टी आली. फूल टकटकीला खणखणीत वाजत होतं. मिस्त्री म्हणाले, पुढच्या सुट्टीत. पुढच्या सुट्टीत दुसरंच फूल निघालं. असं करत करत पंधरा वर्षं गेली आणि ते निवृत्त झाले. नंतर मीही विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं.

"पण न वाळवता लावलेलं फूल पडायचं असतं तर लगेच पडलं असतं ना?" मी विचारलं. "एकतीस वर्षं कशी टिकली?"

मिस्त्री खाली बघत होते. "न वाळवल्यामुळे नाही पडलं. केसांमुळे पडलं."

हे मला नवीन होतं. प्लास्टरच्या फुलात घोड्याच्या शेपटीचे केस घालतात, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. हातभर लांब, राठ, धुऊन कोरडे केलेले. तेच फुलाला आतून धरून ठेवतात. त्या शनिवारी कोठारात केसांचं पोतं रिकामं होतं आणि रविवारी माल देणारा कोणी नव्हता. समोरच्या फुटपाथवर न्हाव्याचं दुकान होतं. मिस्त्री तिथून आठवड्याभराचे केस पोत्यात भरून घेऊन आले.

"बोटभर लांबीचे," ते म्हणाले. "आणि तेलकट. सोड्याने धुतले, पण एकदाच. दोनदा धुवायला हवे होते. मला माहीत होतं, बाई. माहीत असून घातले."

मला हसू आवरेना. त्या न्हाव्याकडे कोण जायचं ते सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. आमचे दलाल. सौद्याच्या मधल्या वेळेत पळत जाऊन केस कापून यायचे. म्हणजे हॉल चालू होता तोवर त्या लोकांच्या डोक्यावर त्यांचेच केस टांगलेले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. मी हे बोलून दाखवलं. मिस्त्री हसले नाहीत, आणि मग मलाही ओशाळल्यासारखं झालं.

"म्हणजे जुनी फुलं पक्की आहेत," ते म्हणाले. "मी बदललेली एकोणीसही पक्की आहेत. एकट्या सत्तावन्नची गोष्ट वेगळी होती. आणि ती सांगितली नाही तर सगळं छत जाईल."

"आणि सांगितली तर कोपऱ्यातला फोटो जाईल," मी म्हणाले. मला गोडगोड बोलता येत नाही. "शिवाय तुमचं म्हणणं तसं खोटं नाहीच. नोकरीत असताना कपचा पडला नाही. निवृत्त झाल्यावर पडला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

घरी त्यांनी मुलीला सांगितलं. ते पुढे तिनेच मला सांगितलं, आणि सांगतानाही ती रडत होती. ती बापाला म्हणाली, "मला लहानपणापासून काय सांगत आलात तुम्ही? मी वर्गात उभं राहून काय सांगितलं? आणि आता तुम्हाला कोण विचारतंय? ते म्हणतायत फूल जुनं होतं. असू दे की जुनं. छत गेलं तर गेलं, आपलं घर आहे का ते?" मिस्त्री म्हणाले, "घरात मी एवढा राहिलो नाही." यावर ती दुसऱ्या खोलीत निघून गेली आणि शुक्रवारचा अख्खा दिवस बापाशी एक शब्द बोलली नाही.

शनिवारी सकाळी बाजाराच्या समितीच्या जुन्या खोलीत बैठक होती. इंजिनियर, शहराचे दोन अधिकारी, लिहून घ्यायला मी. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आले. मुलगीही आली होती. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, बापाकडे न बघता.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. शनिवार, रविवार, न्हावी, सोडा. सेक्रेटरींचं नाव त्यांनी घेतलं नाही. इंजिनियरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, राग मानू नका. तुमचा या छतावर जीव आहे हे मला दिसतंय. पण उद्या कोणीही येऊन म्हणेल, पडलेलं फूल माझं होतं, बाकीची ठेवा. मी कशाच्या आधारावर मानू?"

म्हणजे माणूस स्वतःच्या तोंडाने आपल्याला काळं फासून घेत होता आणि तेही कोणी मानायला तयार नव्हतं. मला संताप आला. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी सांगते. फूल बदललं हे मला त्याच सोमवारी कळलं होतं. मी नोंद केली नाही. चूक माझीही आहे." (त्याबद्दल पुढे मला एक कडक पत्र आलं. मीच ते आवक नोंदवून फाइलला लावलं.)

"मलबा कुठे आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

मलबा पोत्यांत भरून खाली ठेवला होता. आम्ही सगळे हॉलमध्ये गेलो. मिस्त्रींनी पोत्यांतून दोन तुकडे निवडले. एक छप्पन्न नंबरच्या पाकळीचा, मूळच्या कामाचा. दुसरा सत्तावन्नचा. सुताराकडून हातोडी घेतली आणि जमिनीवर बसून पहिला फोडला. तो फुटला पण सुटा झाला नाही. दोन्ही अर्धे लांब, राठ केसांना धरून लोंबत राहिले. इंजिनियरने ओढून पाहिलं, त्याला जोर करावा लागला. मग मिस्त्रींनी दुसरा फोडला. त्याचा भुगा झाला. भुग्यात बारीक बारीक केस होते, काळे, काही पिकलेले, एक तर चक्क कलप लावलेला. मिस्त्रींनी चिमटीने एक उपसला. लोण्यातून निघावा तसा तो निघाला.

  एवढी वर्षं मिस्त्रींनी हे कोणाला दाखवायचं टाळलं होतं, आणि आता स्वतःच उकिडवं बसून दाखवत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

इंजिनियरने सोमवारपासून शिडी लावून पंधरा फुलांना बारीक भोकं पाडून तपासायचं ठरवलं. पुढे तशी तपासणी झाली, सगळ्यांत घोड्याचे केस निघाले आणि छत राहिलं. आजही आहे. पण त्या सकाळी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. फोटोखालचा मजकूर मात्र लागणार नाही, हे एका अधिकाऱ्याने जाता जाता हळू आवाजात सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "बरोबर आहे."

मग जबानी टाइप करायची होती. माझ्या खोलीत आम्ही चौघंच, इंजिनियर, मिस्त्री, इथेही दाराजवळच बसलेली मुलगी आणि मी. पोरगा मनाचा चांगला होता. तो मला सांगू लागला, "असं लिहा बाई, की सत्तावन्न क्रमांकाचं फूल एका अज्ञात कारागिराने निकृष्ट माल वापरून बसवलं होतं."

"अज्ञात कशाला?" मिस्त्री म्हणाले. "मी इथेच बसलोय की."

"काका, हा कागद इमारतीबरोबर कायम राहणार. त्यात तुमचं नाव कशाला उगाच? काम तर झालंय आपलं."

"नाही झालं." मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. "तुम्ही अज्ञात लिहाल. पन्नास वर्षांनी तुमच्यासारखाच कोणी हुशार माणूस येईल, हा कागद वाचेल आणि म्हणेल, कोण जाणे त्या अज्ञात माणसाने आणखी किती फुलं अशी लावली. आणि उतरवेल सगळी. नाव घाला. वर्ष घाला. आणि त्याने असं एकच लावलं, हेही घाला."

इंजिनियरने माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि लिहायला सुरुवात केली. सत्तावन्न क्रमांकाचे फूल, माल निकृष्ट, केस अयोग्य, बसवणारा कारागीर, आणि तिथे माझी बोटं थांबली.

पंधरा-सोळा वर्षं मी त्यांची कामं लिहिली होती. उतरवलेले पत्रे, बुजवलेल्या भेगा, बदललेली फुलं, सगळं माझ्या अक्षरात होतं. आणि प्रत्येक ओळीत, कारागीर या रकान्यात, मी 'मिस्त्री' एवढंच लिहिलं होतं. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मला फार लाज वाटली. "मिस्त्री," मी म्हणाले, "पूर्ण नाव सांगा."

त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.  मग भिंतीकडे बघत राहिले.

दाराजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलगी उठून माझ्या टेबलाशी आली. तिने एक हात बापाच्या खांद्यावर ठेवला, आणि वर्गात शुद्धलेखन घालताना सांगावं तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आधी त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव सांगितलं. मी टाइप केलं.